आधी काळोख, मग दुर्बीण

दुबईत शेख झायेद रोडच्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर रात्री उभं राहिलं, तर आकाश काळं दिसत नाही. ते राखाडी-नारिंगी दिसतं. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रीही तिथे मोजून तीसचाळीस तारे सापडतात. व्याध, मृगाचे ठळक तारे, एखादा ग्रह आणि चंद्र, एवढ्यावर यादी संपते. तीच रात्र, तीच वेळ, पण गाडीने दोनेक तास दक्षिणेला अल ऐनच्याही पलीकडे अल कुआच्या वाळवंटात गेलं, तर एका वेळी दोन हजारांच्या आसपास तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि हिवाळ्यातली फिकट आकाशगंगाही ओळखू येते. जगातल्या सर्वांत झगमगत्या शहरांपैकी एक आणि चांगलं काळं आकाश यांच्यामध्ये केवळ दोन तासांचं अंतर, ही संयुक्त अरब अमिरातीतल्या हौशी आकाशनिरीक्षकाची खरी मिळकत आहे.

तरीही इथे आकाशदर्शनाचा नाद लागलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? दुर्बीण विकत घेतो. मुलाच्या वाढदिवसाला पेटी घरी येते, बाल्कनीत तिवई उभी राहते, चंद्र पाहून होतो, गुरू पाहून होतो, मग देवयानी दीर्घिका शोधायला घेतात आणि ती काही केल्या सापडत नाही. महिन्याभरात दुर्बीण कपाटावर जाते. दोष दुर्बिणीचा नसतो. जिथे काळोख लागतो तिथे आपण काच लावायला गेलेलो असतो.

काच उजेडापुढे का हरते

दुर्बिणीचं मुख्य काम प्रकाश गोळा करणं हे आहे, मोठं करून दाखवणं हे दुसरं. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटर व्यासाचं भिंग तिच्यापेक्षा पन्नासपट प्रकाश गोळा करतं. म्हणूनच साध्या बायनॉक्युलरमधूनही डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे एकदम उजळतात. तारा इतका दूर असतो की भिंगातूनही तो बिंदूच राहतो, आणि गोळा झालेला सगळा प्रकाश त्या एका बिंदूत उतरतो.

तेजोमेघ आणि दीर्घिकांचं तसं नाही. त्यांना विस्तार असतो. दुर्बीण त्यांचा प्रकाश जास्त गोळा करते खरी, पण तोच प्रकाश मोठ्या केलेल्या प्रतिमेवर पसरतो. परिणामी, कितीही मोठी दुर्बीण घेतली तरी अशा धूसर पुंजक्याची पृष्ठभागावरची चमक नुसत्या डोळ्यांना असते त्यापेक्षा वाढत नाही. फार तर तेवढीच राहते. फायदा एवढाच की पुंजका आकाराने मोठा झाल्यामुळे डोळ्याला ओळखायला सोपा जातो. आणि हाच नियम शहराच्या उजेडाने माखलेल्या आकाशालाही लागू पडतो, कारण तो उजेडही विस्तारलेलाच असतो. दीर्घिका आणि तिच्यामागचं आकाश, दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात. त्यांच्यातला फरक तसाच राहतो. हा फरक वाढवायचा एकच मार्ग आहे: मागचं आकाश काळं करणं. ते काम भिंग करू शकत नाही, गाडी करू शकते.

आकाश किती काळं आहे हे सांगायला हौशी निरीक्षक बोर्टल श्रेणी वापरतात. अमेरिकेतल्या जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात ती मांडली. १ म्हणजे निखळ काळोख, ९ म्हणजे महानगराचा मध्य. दुबई आणि अबू धाबीचे मध्यभाग शेवटच्या पायरीवर आहेत. मुंबईकर वाचकाला ही पायरी ओळखीची आहे. तिकडेही खगोल मंडळासारख्या संस्थांनी रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी कर्जत मार्गावरचं वांगणी निवडलं, ते याच कारणाने. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातली सर्वांत जुनी हौशी खगोलसंस्था मानली जाते, आणि तिच्याही लोकांना चांगल्या आकाशासाठी शहराबाहेर जावंच लागतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाने ही एक सवय मात्र सामानात आणलेली बरी.

कुठे जायचं

दुबईकरांचं सर्वांत जवळचं ठिकाण अल कुद्रा. अल मरमूम अभयारण्याच्या परिसरातले हे तलाव शहरापासून तासाभराच्या आत आहेत, पण उत्तरेकडचं निम्मं आकाश दुबईच्या उजेडाने धुतलेलं असतं. नक्षत्रं शिकायला आणि मुलांना मृग-कृत्तिका दाखवायला ते पुरेसं आहे. शारजाच्या अंतर्भागात मलीहा आहे. तिथल्या पुरातत्त्व केंद्राच्या आसपासच्या वाळवंटात दुर्बिणींसह आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, आणि स्वतःचं काहीच साहित्य नसलेल्या कुटुंबासाठी पहिली संध्याकाळ तिथे घालवणं सोयीचं. शहर न सोडताच सुरुवात करायची तर दुबईच्या मुश्रिफ पार्कमधलं अल थुराया खगोल केंद्र आहे. थुराया म्हणजे आपल्या कृत्तिका.

उत्तरेला रास अल खैमातला जबल जैस हा देशातला सर्वांत उंच डोंगर. वरपर्यंत चांगला रस्ता आहे. उंचीमुळे किनाऱ्यावरचा दमटपणा आणि धूळ यांचा बराच भाग खाली राहतो. मात्र हिवाळ्यात तिथे कडक थंडी असते. पारा शून्याखाली गेल्याच्याही नोंदी आहेत. आणि अगदी दक्षिणेला लिवाचे वाळूचे डोंगर, रुब अल खाली या अफाट वाळवंटाची कड. अल कुआ आणि लिवा हे दोन्ही कर्कवृत्ताच्या जवळ आहेत, म्हणजे दुबईपेक्षा दीड-दोन अंश दक्षिणेला. दक्षिण क्षितिजाजवळचे तारे पाहायचे असतील तर एवढ्या अंतरानेही फरक पडतो.

एक पथ्य सगळीकडे सारखं. साधी गाडी असेल तर डांबरी रस्त्याला लागून असलेल्या घट्ट जमिनीवरच थांबावं. वाळूत शिरायचं तर फोर-व्हील गाडी, टायरमधली हवा कमी करण्याचा सराव आणि सोबत दुसरी गाडी, हे तिन्ही हवं. रात्री परतताना रस्त्यावर उंट येतात, म्हणून वेग आवरावा. पायात बूट असावेत. वाळवंटात विंचू असतात आणि ते रात्रीच फिरतात.

हवेचा स्वभाव

महाराष्ट्रात आकाशदर्शनाचा शत्रू म्हणजे पावसाळी ढग. जून ते सप्टेंबर दुर्बिणी गुंडाळून ठेवाव्या लागतात. इथे ढग फारसे आडवे येत नाहीत, पण नेमक्या त्याच महिन्यांत उन्हाळा असतो, आणि किनाऱ्यालगत रात्रीही घामाच्या धारा लागतात. त्यामुळे दोन्हीकडचा हंगाम योगायोगाने एकच ठरतो: ऑक्टोबर ते मार्च. गावाकडच्या मित्राशी फोनवर बोलत एकाच रात्री एकच तारा दोघांनी पाहावा, इतका तो जुळतो. फक्त घड्याळात दीड तासाचा फरक धरायचा.

इथे आकाश खराब करणाऱ्या गोष्टी तीन. पहिली धूळ. वायव्येकडून येणारा शमाल वारा सुटला की बारीक वाळू दिवसेंदिवस हवेत तरंगते, आणि शहराचा उजेड तिच्यावर आदळून आणखी दूरवर पसरतो. हिवाळ्यात एखादा पाऊस पडून गेला की हवा धुऊन निघते. त्यानंतरच्या एकदोन रात्री सोडू नयेत.

दुसरी गोष्ट दव. वाळवंट कोरडं असतं हा समज रात्री दहा वाजता गळून पडतो. दिवसा समुद्राकडून आलेली दमट हवा आत पसरते. रात्री निरभ्र आकाशाखाली वाळू झपाट्याने उष्णता गमावते. जमिनीलगतची हवा थंड होते, आणि आधी दव, मग पहाटेकडे धुकं उतरतं. आकाशाकडे तोंड केलेलं भिंग सर्वांत आधी ओलं होतं. उपाय साधा आहे: भिंगापुढे काळ्या फोमच्या चटईची नळी करून बसवायची, म्हणजे काच उघड्या आकाशाकडे कमी उष्णता सोडते. ओली काच रुमालाने मात्र कधीच पुसायची नाही. तिच्यावर वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, आणि एका पुसण्यात भिंगाच्या लेपावर कायमचे ओरखडे उमटतात. रबरी फुग्याने फुंकून वाळू उडवायची आणि काच आपोआप सुकू द्यायची.

तिसरी गोष्ट खास इथली: एअर कंडिशनर. गार खोलीत ठेवलेली दुर्बीण दमट संध्याकाळी थेट बाहेर काढली, तर मॉलच्या दारातून बाहेर पडताना चष्मा धूसर होतो तशी तिची काच क्षणात धूसर होते. दव नसलं तरी आतली आणि बाहेरची हवा वेगळ्या तापमानाची असेपर्यंत नळीत हवेचे प्रवाह उठत राहतात आणि ग्रह थरथरताना दिसतो. म्हणून पोहोचल्यावर पहिलं काम दुर्बीण बाहेर काढून, झाकण न उघडता, अर्धा-पाऊण तास नुसती ठेवणं. तोवर चहा होतो आणि अंधारही पडतो.

काय न्यायचं

सुरुवातीला १०×५० बायनॉक्युलर. यातला १० म्हणजे दहापट जवळ दिसणं, आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० ला १० ने भागलं की ५ येतात. डोळ्याकडून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो. चाळिशी-पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण ५-६ मिलिमीटरच उघडते. त्यामुळे मध्यमवयीन माणसाला १०×५० जवळजवळ मापाने शिवल्यासारखं बसतं. एका दृष्टिक्षेपात साडेसहा अंशांच्या आसपास, म्हणजे ओळीने तेरा पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं आकाश दिसतं. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची मात्र हवी. उभ्याने डोक्यावरचं आकाश पाहिलं की पाच मिनिटांत मान आखडते आणि हात थरथरतात.

दुर्बीण घ्यायचीच तर १३० ते २०० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन उत्तम. ती लाकडी बैठकीवर हाताने फिरते. मोटर नाही, बिघडायला फारसं काही नाही. वाळूत बैठकीखाली प्लायवूडची फळी घालावी. तिवई असेल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा, नाहीतर पाय रुततात आणि दर दहा मिनिटांनी तारा निसटतो. ध्रुवताऱ्याकडे रोखून बसवायची तिवई गावाहून आणली असेल, तर तिचा कोन १९ वरून २४-२५ अंशांवर न्यायला विसरू नये, कारण ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या त्या जागेच्या अक्षांशाएवढी असते. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेली दुर्बीण घेऊ नये. उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते, म्हणजे ६० मिलिमीटरला १२०. त्यापुढे प्रतिमा मोठी होते आणि गढूळही.

बाकी लाल काचेची बॅटरी, जाड जाकीट आणि भरपूर पाणी. लाल बॅटरीचं कारण डोळ्यात आहे. अंधारात बाहुली पटकन उघडते, पण पडद्यावरच्या दंडपेशींमधलं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य पुन्हा साठायला अर्धा तास लागतो. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की हा अर्धा तास वाया जातो. मंद लाल उजेड या पेशींना फारसा डिवचत नाही. दंडपेशी पडद्याच्या मध्यावर नसतात, त्याच्या भोवती असतात, म्हणून अंधूक पुंजका पाहताना नजर थेट त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवायची. जे रोखून पाहताना गायब होतं ते कडेच्या नजरेला ठळक दिसतं. आणि या पेशींना रंग कळत नाहीत. छायाचित्रांत गुलाबी-निळा दिसणारा तेजोमेघ डोळ्याला राखाडीच दिसणार, हे सोबतच्या मुलांना आधीच सांगून ठेवावं.

जानेवारीतली एक संध्याकाळ

जानेवारीच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास अल कुआला पोहोचलो आहोत असं धरू. सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सव्वासातपर्यंत संधिप्रकाशाचा शेवटचा अंशही जातो.

पहिला मान पश्चिमेकडे कलू लागलेल्या आकाशाचा, कारण ते आधी मावळणार. महाश्वाच्या चौकोनापासून निघालेल्या देवयानीच्या ताऱ्यांच्या रांगेवरून वर सरकलं की एक लांबट धूसर डाग दिसतो. ही देवयानी दीर्घिका. आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर, आणि नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी सर्वांत दूरची वस्तू. इसवी सन ९६४ मध्ये पर्शियन खगोलविद अब्द अल-रहमान अल-सूफी याने आपल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथात ‘छोटा ढग’ म्हणून तिची नोंद केली. ही तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानतात. दुर्बिणीचा शोध तेव्हा साडेसहाशे वर्षं दूर होता. अल-सूफीने ती पाहिली ती केवळ काळ्या आकाशाच्या बळावर. इथे बायनॉक्युलर दुर्बिणीवर मात करतं. दीर्घिकेचा विस्तार तीन अंशांहून जास्त आहे, म्हणजे चंद्राच्या सहापट लांबी. दुर्बिणीत तिचा फक्त उजळ गाभा मावतो. बायनॉक्युलरमध्ये ती पूर्ण तरंगते.

मग उत्तरेला शर्मिष्ठेच्या एम आकारापासून ययातीकडे जाताना एक दुहेरी तारकागुच्छ. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरचे दोन गुच्छ एकाच चौकटीत. इथे १३० मिलिमीटरची दुर्बीण कमी वर्धनावर लावली, तर शेकडो तारे सुटे होतात आणि त्यांत एखाददुसरा तांबूसही दिसतो.

डोक्याकडे कृत्तिका. डोळ्यांना सहा-सात, बायनॉक्युलरमध्ये कित्येक डझन. हा गुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर असून वयाने दहा कोटी वर्षांच्या आसपास, ताऱ्यांच्या मानाने बालवयातला. शेजारी रोहिणी आणि तिच्याभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा गुच्छ. त्या गुच्छाचे तारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहेत, पण खुद्द रोहिणी निम्म्याहून कमी अंतरावर, पासष्टवर. ती त्यांची नातलग नाही, नुसती आडवी आलेली आहे. आकाशाला खोली असते हे कळायला एवढा एक पुरावा पुरतो.

आठनंतर मृग पूर्वेला चांगला वर येतो. काक्षी तांबूस, राजन्य निळसर-पांढरा. बायनॉक्युलर किंचित धूसर केलं की रंग जास्त खुलतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी अचानक इतका मंदावला होता की तो फुटणार अशी चर्चा जगभर झाली. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेल्या धुळीने त्याचा चेहरा झाकला होता, असा खगोलशास्त्रज्ञांचा निष्कर्ष निघाला. मृगाच्या पट्ट्याखाली मृगाचा तेजोमेघ आहे, साधारण १,३५० प्रकाशवर्षांवरचा वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, जिथे आजही तारे जन्माला येत आहेत. इथे दुर्बीण आपले पैसे वसूल करते. मधोमध चार ताऱ्यांचा छोटा चौकोन स्पष्ट सुटतो. त्यांच्याच अतिनील प्रकाशाने सगळा ढग उजळला आहे. शहरातूनही हा तेजोमेघ दिसतो, पण तिथे तो एक डाग असतो. इथे त्याचे पंख दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतात.

ग्रह असतील तर तो वरकड नफा. गुरू दर वर्षी साधारण एक रास पुढे सरकतो. २०२६ च्या जानेवारीत तो मिथुनेत, रात्रभर आकाशात होता. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले त्याचे चार उपग्रह हात स्थिर ठेवला तर बायनॉक्युलरमध्येही दिसतात. शनीची कडी पाहायला मात्र दुर्बीणच हवी. २०२५ च्या मार्चमध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेवर दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसेनाशीच. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण फाकलेली असतील.

सुहैल म्हणजेच अगस्ती

या रात्रीचा खरा यजमान साडेआठपर्यंत आग्नेयेच्या क्षितिजावर येतो. व्याध वर चढलेला असतो, आणि त्याच्या बऱ्याच खाली एक पांढरा तेजस्वी तारा वाळूच्या कडेवर लकाकू लागतो. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, ३१० प्रकाशवर्षांवरचा. आपण त्याला अगस्ती म्हणतो, अरब सुहैल म्हणतात.

आखाती लोकांच्या जीवनात सुहैलचं स्थान मोठं आहे. उन्हाळाभर तो सूर्याच्या उजेडात लपतो आणि २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे पुन्हा दिसू लागतो. तो दिसला म्हणजे उन्हाची काहिली उतरणीला लागली. वर्षाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडणारं इथलं ‘दुरूर’ पंचांगही त्याच्याच उदयापासून सुरू होतं. भारतीय परंपरेतही अगस्त्याचा उदय हीच ऋतुबदलाची खूण आहे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त त्याच्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि अगस्त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळतं ही कल्पना कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही आहे. वाळवंटात उन्हाचा शेवट, आपल्याकडे पावसाचा शेवट. सांगणारा तारा एकच.

अगस्ती दुबईहून जास्तीत जास्त १२ अंश वर चढतो, अल कुआहून सुमारे १४, आणि मुंबईहून १८ हून जास्त. ध्रुवतारा उलट: दुबईत २५ अंश, मुंबईत १९. म्हणजे आखातातून कोकणाकडे निघालेल्या गलबतावरच्या माणसाला ध्रुव रोज थोडा बुडताना आणि अगस्ती रोज थोडा चढताना दिसत असे. अरब नाविक हे ‘कमाल’ नावाच्या साध्या उपकरणाने मोजत. एक लाकडी फळी, तिच्या मधून ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची. कोणत्या गाठीवर दोन्ही जुळतात त्यावरून अक्षांश कळतो. इष्ट बंदराची गाठ आली की तीच उंची राखत सरळ पूर्वेला जायचं.

या विद्येचा सर्वांत मोठा ग्रंथकार अहमद इब्न माजिद पंधराव्या शतकात जुल्फारला, म्हणजे आजच्या रास अल खैमाला जन्मला. त्याच्या काळात आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता, आज तो एका अंशाच्याही आत आहे. त्यामुळे त्या नाविकांना ध्रुवाची उंची मोजली की रात्रीच्या वेळेनुसार तिच्यात दुरुस्ती करावी लागे. जबल जैसच्या घाटात दुर्बीण लावणारा माणूस इब्न माजिदच्याच मुलुखातून आकाश पाहत असतो, आणि त्याच मुलुखातली गलबतं आपल्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करत होती.

बाल्कनीतलं आकाश

एवढं सांगितल्यावर शहरातल्या माणसाने हात टेकायचं कारण नाही. चंद्र आणि ग्रह मुळातच इतके तेजस्वी असतात की शहराचा उजेड त्यांना काही करू शकत नाही. बाल्कनीतली दुर्बीण त्यांच्यासाठी ठेवावी. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. तेव्हा ऊन सरळ पडल्याने सावल्याच नसतात आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आगेमागे, उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा आणि डोंगर उठून दिसतात.

चंद्राची कोर ही तर इथे सार्वजनिक महत्त्वाची गोष्ट. रमजान आणि ईद कोरीच्या दर्शनावर ठरतात, आणि अबू धाबीच्या वाळवंटातल्या अल खतीम वेधशाळेतून भर दिवसा विशेष कॅमेऱ्यांनी अत्यंत बारीक कोरीची छायाचित्रं घेतली जातात. मराठी घरांतही महिन्यातून एकदा चंद्राची वाट पाहिली जाते, संकष्टीला. फक्त दिनदर्शिकेवर छापलेली मुंबईची चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही. रेखांश, अक्षांश आणि घड्याळ तिन्ही वेगळे. स्टेलेरियमसारख्या मोफत प्रणालीत आपलं गाव घातलं की नेमकी वेळ मिळते.

वर्षभराचा बेत

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी नैऋत्येला आकाशगंगेचा मध्य मावळताना गाठता येतो, आणि हवाही सोसवेल इतकी उतरलेली असते. १३-१४ डिसेंबरला मिथुनेचा उल्कावर्षाव. त्याला कोणतंच उपकरण लागत नाही, नुसती चटई आणि पांघरूण. जानेवारी वर सांगितल्याप्रमाणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला एक फिका त्रिकोणी प्रकाश उभा राहतो. तो आपल्या सूर्यमालेच्या प्रतलातल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. शरद ऋतूत तोच पहाटे पूर्वेला दिसतो, आणि इस्लामी परंपरेत त्याला ‘खोटी पहाट’ म्हणून खऱ्या पहाटेपासून वेगळं काढलं आहे, कारण फज्रची नमाज आणि उपवास खऱ्या पहाटेवर ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी: सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ, सतरा हजार प्रकाशवर्षांवर. अल कुआहून तो १९ अंश वर येतो. त्रिशंकू मात्र क्षितिजाला घासूनच जातो. तो नीट पाहायचा तर कोकणात जावं.

खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी पेट्रोल, मग बायनॉक्युलर, मग आरामखुर्ची आणि सर्वांत शेवटी दुर्बीण. ऑक्टोबरपासून दर अमावास्येच्या आसपासचा एक शनिवार बाजूला काढला, तर मार्चपर्यंत आकाशाचा बराचसा नकाशा पाठ होतो. आपल्याला ग्रहांचं वेड आहे, की तारकागुच्छांचं, की दीर्घिकांचं, हेही तोवर उमगतं, आणि या तिन्हींना लागणाऱ्या दुर्बिणी वेगवेगळ्या आहेत. तेव्हा दुकानात शिरल्यावर विक्रेत्याने प्रश्न विचारण्याऐवजी तुम्हीच त्याला विचाराल.